सायकल तिची, पंक्चरही तिचंच!

सकाळचे पावणेसात. एका शेगडीवर चहा, दुसरीवर डब्याची भाजी आणि तेवढ्यात फोन.

“आई, पंक्चर झालंय.”

“कुठे आहेस?”

“सुरूर फाट्याच्या अलीकडे. बाबांना पाठव ना.”

पंधरा दिवसांतली ही तिसरी खेप. ह्यांनी एक शब्द न बोलता गाडीची किल्ली उचलली. तासाभराने बापलेक परतले. सायकल पडवीत टेकवून लेक आंघोळीला गेली, तसे हे म्हणाले, “आता पुरे झालं. रोज मागे गाडी घेऊन कोण धावणार? एकटी पोरगी अशी रस्त्यावर उभी. काही झालं म्हणजे?”

काळजीपोटीच बोलले ते. पण माझ्या पोटात खड्डा पडला. कारण हेच वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं.

१९९१ सालची गोष्ट. मी नववीत होते. शाळा गावापासून पाच किलोमीटर. एका संध्याकाळी येताना सायकल पंक्चर झाली. वाटेतलं दुकान बंद. सायकल ढकलत घरी पोचेपर्यंत दिवेलागण उलटून गेली होती. अण्णा दारातच उभे. रागावले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी माझ्या हातात एसटीचा पास आला आणि सायकल गेली धाकट्या भावाकडे. त्याच्या हातात ती पंक्चर झाली नाही असं थोडंच आहे? पण त्याचं पंक्चर हे नुसतं पंक्चर असायचं. माझं पंक्चर मात्र सायकल बंद करायचं कारण ठरलं.

म्हणून त्या दिवशी ठरवलं, लेकीची सायकल पंक्चरपायी बंद पडू द्यायची नाही. आणि त्यासाठी आधी त्या चाकात असतं तरी काय, ते समजून घ्यायचं.

नाजूक काम

लेकीची सायकल म्हणजे ‘रोड बाइक’. बारीक टायर, बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल. साठवलेल्या पैशांत आमची थोडी भर घालून जुनी घेतलेली. शर्यतीत उतरायचं तिच्या डोक्यात आहे. त्यासाठी वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीपर्यंत जायचा सराव. बाराएक किलोमीटर अंतर आणि साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ! कुणीतरी तिला सांगितलं, “चाकातलं वजन कमी कर, घाटात फरक पडतो.” झालं! बाईसाहेबांनी सगळ्यांत हलक्या ट्यूबा मागवल्या. त्यानंतरच ही पंक्चरची माळ लागली.

“बघितलंस? हलकं म्हणजे तकलादू,” ह्यांचं म्हणणं. मलाही तसंच वाटलं. पण एका रविवारी आम्ही मायलेकी स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन बसलो, तेव्हा गोष्ट एवढी सोपी नाही हे लक्षात आलं.

सायकलच्या मूळ ट्यूबचं वजन भरलं १०४ ग्रॅम. तिने मागवलेली हलकी ट्यूब ६८ ग्रॅम. आणि एका मैत्रिणीकडून बघायला आणलेली, पारदर्शक प्लास्टिकसारखी दिसणारी ट्यूब फक्त ३७ ग्रॅम! घडी घातली तर मुठीत मावेल एवढीशी.

रोड बाइकच्या ट्यूबांचे साधारण तीन प्रकार असतात, हे मला तेव्हा कळलं.

पहिली आपली नेहमीची, काळी, ब्युटाइल रबराची. ब्युटाइल हे कारखान्यात बनवलेलं रबर. १९३७ मध्ये अमेरिकेत त्याचा शोध लागला. त्याच्यातून हवा फार हळू झिरपते, म्हणून आठवड्यातून एकदा हवा पाहिली तरी भागतं. हलक्या ब्युटाइल ट्यूबमध्येही रबर हेच, फक्त पातळ. साध्या ट्यूबची जाडी ०.९ मिलिमीटरच्या आसपास, हलकीची ०.६ आणि अतिहलकीची ०.४५. पोळी जाड लाटली काय नि पातळ लाटली काय, कणीक तीच!

दुसरी लॅटेक्सची, म्हणजे रबराच्या झाडाच्या चिकाची. ही लवचिक, त्यामुळे चाक जरा मोकळं पळतं. एका चाकामागे दोन-तीन वॅट शक्ती वाचते, असं चाचण्यांत दिसलं आहे. पण वाढदिवसाचा फुगा दुसऱ्या दिवशी मलूल होतो ना, तसंच हिचं. रोज निघण्यापूर्वी हवा भरायलाच हवी.

तिसरी ती पारदर्शक, टीपीयूची. लांबलचक नाव थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन. वजन पंचवीस ते चाळीस ग्रॅम. हवा चांगली धरते. मात्र किंमत साध्या ट्यूबच्या काही पट, आणि पंक्चर झाली तर नेहमीचं सोल्युशन-ठिगळ चालत नाही, तिचं वेगळं चिकटणारं ठिगळ मिळतं ते लावावं लागतं. टायरबाहेर ती फार फुगवायचीही नाही. एकदा ताणली गेली की पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

अलीकडे काही सायकलींत ट्यूबच नसते. टायरमध्ये पातळ चीक ओततात, तो बारीक छिद्रं आपोआप बुजवतो. पण त्यासाठी रिम आणि टायर दोन्ही तशीच बनवलेली लागतात, आणि मोठं भोक पडलंच तर शेवटी आत ट्यूबच घालावी लागते.

भोक काय सांगतं?

आता मुख्य प्रश्न. पंक्चर हलक्या ट्यूबमुळे झाली का?

आमच्या भागातल्या एका जुन्या सायकल दुकानदारांकडे आम्ही तिन्ही फाटक्या ट्यूबा घेऊन गेलो. वय सत्तरीचं, बोटं सोल्युशनने काळी झालेली. रोड बाइकच्या ट्यूबा त्यांच्याकडे नव्हत्या, पण ज्ञान होतं! त्यांनी ट्यूब फुगवून पाण्याच्या घमेल्यात बुडवली, बुडबुडे पाहिले आणि म्हणाले, “ताई, ट्यूब फेकायच्या आधी भोक बघावं. भोकच सांगतं काय झालं ते.”

पहिल्या ट्यूबला जवळजवळ दोन बारीक चिरा होत्या, साप चावल्यासारख्या. म्हणजे हवा कमी होती आणि चाक खड्ड्यात आदळलं. रिम आणि रस्ता यांच्यामध्ये ट्यूब चिमटली गेली. हलकी ट्यूब असा चिमटा कमी सोसते हे खरं, पण चूक हवेची होती. लेक अंगठ्याने दाबून हवेचा अंदाज घ्यायची. बारीक टायरला हा अंदाज चालत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ट्यूबला एकच भोक, टायरच्या बाजूने. दोन्ही भोकं व्हॉल्व्हपासून बरोबर तेवढ्याच अंतरावर! आजोबांनी टायर मागवला आणि आतून ओढणीचं टोक फिरवायला सांगितलं. एका जागी कापड अडकलं. केसाएवढी बारीक तार, ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून हायवेच्या कडेला पडते ती. दुसऱ्या पंक्चरच्या वेळी दुसऱ्या एका दुकानात ट्यूब बदलून दिली होती, पण टायर आतून कुणी तपासलाच नव्हता. तार तिथेच. नवी ट्यूब गेली, तीही फुटली.

थोडक्यात, तीनपैकी एक पंक्चर हवेचं, दोन त्या तारेची. हलकी ट्यूब पहिल्या पंक्चरची थोडीशी भागीदार, बाकीच्यांत निर्दोष! एकदा काटा टायर भेदून आत घुसला की ०.९ काय आणि ०.४५ काय, ट्यूब फुटणारच. बाभळीचा काटा असो नाहीतर सराट्याचा, त्याला अडवायचं काम टायरचं. म्हणून हाताशी थोडेच पैसे असतील तर ते आधी चांगल्या टायरवर घालावेत, ज्याच्या आत काट्यांना अडवणारा पट्टा असतो असा. ट्यूबचं नंतर पाहावं.

भोक रिमच्या बाजूला असेल, तर रिमवरची पट्टी सरकली आहे. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली असेल, तर पंप मारताना व्हॉल्व्ह हिसडला गेला आहे. एवढं कळलं तरी अर्धं काम झालं.

सहा सेकंदांचा प्रश्न

पण मग हलक्या ट्यूबने घाटात फायदा होतो की नाही? लेकीने वहीत हिशेब मांडला. तिचं वजन, सायकल, पाणी, कपडे मिळून ६२ किलो. दोन्ही चाकांत १०४ ऐवजी चाळीसएक ग्रॅमच्या ट्यूबा घातल्या, तर सव्वाशे ग्रॅमच्या आसपास वजन वाचणार. म्हणजे एकूण वजनाच्या हजारातले दोन भाग. तिला घाट चढायला पन्नास मिनिटं लागतात. पन्नास मिनिटांचे तीन हजार सेकंद, त्यातले वाचले सहा!

सव्वाशे ग्रॅम म्हणजे पाण्याच्या बाटलीतले चार घोट. चढ सुरू होण्यापूर्वी पाणी पिऊन घेतलं तरी... नाही, ते पोटात जाऊन वजनातच राहणार, हे तिनेच मला हसत समजावलं!

चाकाच्या कडेचं वजन जास्त जाणवतं असं म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण फक्त वेग वाढवताना. थांबून निघताना किंवा शर्यतीच्या शेवटी जोर लावताना चाक झटकन उचलतं. एकसारख्या वेगात चालवताना मात्र तो फरक राहत नाही.

सहा सेकंद कमी का? शर्यतीत दोन सेकंदांनी नंबर जातो. तिथे हलकी ट्यूब हवीच. पण रोजच्या सरावात सहा सेकंद वाचवायला जायचं आणि खड्ड्यात ट्यूब चिमटून तासभर रस्त्यावर उभं राहायचं, हा व्यवहार काही जमत नाही.  

शिवाय घाट चढला की उतरावाही लागतो. तिच्या सायकलला रिमवर घासणारे ब्रेक आहेत. पसरणीच्या उतारावर सतत ब्रेक दाबला की रिम तापते. लॅटेक्स आणि काही अतिहलक्या टीपीयू ट्यूबांना ही उष्णता सोसत नाही. काही टीपीयू ट्यूबांवर तर ‘फक्त डिस्क ब्रेकसाठी’ असं स्पष्ट छापलेलं असतं. हे बारीक अक्षर वाचल्याशिवाय घेऊ नये. औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचतो ना आपण, तसंच.

शेवटी आमचं ठरलं ते असं. रोजच्या सरावाला साधी ब्युटाइल ट्यूब. शर्यतीच्या दिवशी हलकी ब्युटाइल, आणि तीही आठवडाभर आधी घालून, चालवून पाहिलेली. जादा ट्यूब म्हणून पिशवीत टीपीयूची, आपल्या ब्रेकला चालणारी. मुठीएवढी, वजन नाही, जागा खात नाही. अडीअडचणीला घालायची, घरी येऊन नेहमीची बसवायची.

दहा मिनिटं

ट्यूब निवडली, पण ती बदलायची कुणी? खरा प्रश्न तोच होता.

रोड बाइकचा व्हॉल्व्ह वेगळा असतो. बारीक, लांब, टोकाला इवलीशी पितळी चकती. ती आधी सैल करायची, मग पंप लावायचा. आपल्या साध्या सायकलची वॉलट्यूबची भानगड इथे नाही. दुकानातल्या कॉम्प्रेसरच्या नळीचं तोंड मोटारसायकलच्या व्हॉल्व्हला बसणारं, ते याला बसत नाही. त्यासाठी एक छोटी पितळी टोपी मिळते. ती व्हॉल्व्हवर फिरवली की कुठेही हवा भरता येते. ही टोपी आता लेकीच्या किल्ल्यांच्या जुडग्यातच असते.

पहिल्या दिवशी पडवीत जुनी चादर अंथरून ती ट्यूब बदलायला बसली. चाळीस मिनिटं लागली. अंगठे लाल झाले, डोळ्यांत पाणी आलं. टायरची शेवटची वीतभर कड काही केल्या रिममध्ये जाईना. ह्यांनी दोनदा हात पुढे केला, मी दोनदा डोळ्यांनीच थांबवलं!

पुन्हा ते आजोबाच उपयोगी पडले. “जोर नाही लावायचा बेटा. रिमच्या मध्ये खोलगट भाग असतो. टायरची कड सगळीकडून त्यात ढकल, आपोआप सैल होते.” तसं केलं आणि कड टपकन आत बसली. ताकदीचं काम म्हणून जे आपल्यापासून लांब ठेवलं गेलं, ते असं युक्तीचं निघालं.

१८८८ मध्ये बेलफास्टमध्ये डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर बसवले, तिथून ही गोष्ट सुरू झाली. पण सुरुवातीचे टायर चाकाला चिकटवलेले असत, पंक्चर काढायला तासन् तास जात. १८९१ मध्ये फ्रान्समधल्या मिशलँ बंधूंनी काढता-घालता येणारा टायर आणला आणि वाटेतल्या वाटेत पंक्चर काढणं शक्य झालं. पुढे १९२४ मध्ये अल्फोन्सिना स्त्रादा ही इटालियन बाई पुरुषांच्या ‘जिरो द’इतालिया’ या शर्यतीत उतरली. एका टप्प्यात पडून तिचं हँडल मोडलं, तर झाडूच्या दांड्याचा तुकडा बांधून ती पुढे गेली. वेळेच्या मर्यादेबाहेर पोचली म्हणून तिला क्रमवारीतून काढलं, तरी शेवटपर्यंत चालवत मिलानला पोचलीच. आणि आपल्या पुण्याची वेदांगी कुलकर्णी? २०१८ मध्ये विशीच्या उंबरठ्यावर तिने १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल चालवत पृथ्वीप्रदक्षिणा केली. एवढ्या वाटेत मागून गाडी घेऊन बाबा कुठे कुठे येणार?

लेकीने रोज एकदा, आठ दिवस सराव केला. चाळीसची पंचवीस झाली, पंचविसाची पंधरा. शेवटच्या दिवशी ह्यांनी स्वतः घड्याळ लावलं. दहा मिनिटं. “ठीक आहे,” म्हणाले आणि पेपर उघडला. तोंड पेपरमागे होतं, पण कान हसताना हलतात त्यांचे!

गेल्या महिन्यात ती एकटी पाचगणीला गेली. साडेसातला परत यायची, आठ वाजले. ह्यांची नजर किल्लीकडे, माझी फोनकडे. तेवढ्यात तो वाजला.

“आई, उशीर होईल. पंक्चर झालं होतं. काढलं. आता दांडेघरच्या पुढे आहे, येतेच.”

“बाबांना पाठवू का?” मी सवयीने विचारलं.

“कशाला?” ती म्हणाली.

मी फोन ठेवला आणि ह्यांना सांगितलं, “पंक्चर झालं होतं.”

ह्यांनी किल्ली खिळ्याला लावली आणि म्हणाले, “चहा टाक. तिलाही ठेव.”

मैत्रिणींनो, तुमच्या मुलीची सायकल रोड बाइक असेलच असं नाही. शाळेत जायची साधी काळी सायकल असेल, कदाचित सरकारी योजनेतून मिळालेली. पण पंक्चर तिलाही होणारच. सायकल देताना सोबत पंक्चर काढायलाही शिकवा. आणि घरात एखादी जुनी सायकल धूळ खात पडली असेल, तर आधी तुम्ही शिका. मी शिकतेय. माझी वेळ सध्या पस्तीस मिनिटं आहे!

ट्यूब घेताना, बदलताना

• टायरच्या बाजूवर छापलेला आकडा पाहा. ७००×२५ असेल तर ट्यूबच्या खोक्यावर त्यात बसणारा आकडा हवा, उदा. ७००×१८/२५. आपल्या साध्या सायकलचा २८×१½ टायर वेगळा, त्यात गल्लत नको.

• व्हॉल्व्ह पाहा. बारीक व्हॉल्व्हच्या रिमला मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह बसत नाही, भोकच लहान असतं. साध्या रिमला ४० ते ४८ मिलिमीटर लांबीचा व्हॉल्व्ह पुरतो. उंच रिमला ६० किंवा ८०.

• काटा दाखवणारा पंप घ्या. पन्नासएक किलो वजनाच्या मुलीला २५ च्या टायरमध्ये ७५ ते ८० पीएसआय हवा साधारण ठीक. टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या वर जाऊ नये.

• टायरवरचं नाव आणि व्हॉल्व्ह एकाच जागी येईल असा टायर बसवा. म्हणजे ट्यूबचं भोक पाहून टायरमधल्या काट्याची जागा सापडते.

• नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायर आतून तपासा. ओढणीचं टोक किंवा कापूस फिरवा, थेट बोट नको.

• ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती थोडी हवा भरून मग ती टायरमध्ये घाला. पीळ पडत नाही. पूर्ण हवा भरण्यापूर्वी टायरच्या कडेखाली ट्यूब अडकली नाही ना, दोन्ही बाजूंनी पाहा. नव्या हलक्या ट्यूबा इथेच फुटतात.

• पिशवीत असू द्या: एक जादा ट्यूब, प्लास्टिकचे दोन लिव्हर, छोटा पंप, ठिगळ आणि पितळी टोपी.